धाकट्याचा वाटा

माझे वडील आणि माझे सासरे यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही, असं नदीच्या दोन्ही काठांवर समजतात. दरवर्षी पुलाच्या मधोमध दोघं एकमेकांना मिठी मारतात, बँड वाजतो, फोटो निघतो आणि तो फोटो दोन्हीकडच्या शाळांमध्ये लागतो. खरी गोष्ट अशी की दोघांना एकमेकांचं तोंड पाहायला नको. मिठी सुटली की बाबा त्यांच्या काठाला, मामंजी आमच्या काठाला. मग वर्षभर एकाला दुसऱ्याबद्दल काही म्हणायचं असलं तर ते माझ्यामार्फत, शिव्या वगळून. वगळायचं काम माझं.

आमची लाँड्री आहे, पुलाच्या तोंडाशीच. सोहळ्याच्या आधी दोघांचे लष्करी कोट माझ्याकडेच येतात. जाड लोकरीचे कोट, त्यांना सरळ इस्त्री चालत नाही. वर ओलं फडकं घालून वाफेवर दाबावे लागतात, आणि पितळी बटणांखाली पुठ्ठा सरकवावा लागतो, नाहीतर बटणाचा ठसा कापडावर उठतो. एका देशाचा कोट हिरवा, एकाचा करडा. माझ्या टेबलावर दोन्ही शेजारी पडलेले असतात आणि एकमेकांना काही बोलत नाहीत, एवढं एक बरं आहे.

लढाई झाली तेव्हा दोन्ही देश एका बाजूला होते. बाबांच्या देशाकडे ट्रक जास्त होते, मामंजींच्या देशाकडे तोफा. एकाला दुसऱ्याची गरज पडली आणि तिला दोस्ती म्हणायचं ठरलं. बाबा ट्रकवर ड्रायव्हर, मामंजी तोफेवर. बाबांनी भर माऱ्यातून मामंजींच्या तुकडीपर्यंत गोळे पोचवले, म्हणून त्यांना पदक मिळालं. पुढे या मैत्रीखातर त्यांनी आपली मुलगी मामंजींच्या मुलाला दिली. ती मुलगी मी. भाषणांत मला ‘दोस्तीची लेक’ म्हणतात. लग्न झालं त्या वर्षी लाजले होते, आता कानांत बोटं घालावीशी वाटतात.

त्या लढाईतली ही दोनच माणसं आता उरलीत, म्हणून यंदा सोहळा मोठा. दोघांच्या नावांची दगडी पाटी पुलावर बसणार, दोन्हीकडचे मंत्री येणार. आणि नेमके यंदाच बाबा जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. आमच्या काठावरचं हॉस्पिटल मोठं म्हणून त्यांना इकडे आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हाड जुळेल, पण जिना विसरा. बाबांची खोली तिसऱ्या मजल्यावर, संडास मधल्या बोळात. आई गेल्यापासून एकटेच राहतात. दुसरी सोय म्हणजे माजी सैनिकांचं वसतिगृह, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर. मी एकदा सोहळ्याच्या समितीबरोबर ते बघायला गेले होते. लांबच लांब हॉल, भिंतीला लागून खाटा, आणि प्रत्येक खाटेवरचा म्हातारा दाराकडे तोंड करून बसलेला. कोणी आत आलं की सगळे एकदम बघत आणि आपलं नाही म्हटल्यावर एकदम माना वळवत. माझ्या बापाला मी तिथे टाकणार नव्हते. आमच्या दुकानामागे एक खोली आहे, तळमजल्यावर, मोरी लागून. मला ती खोली हवी होती, एवढीच गोष्ट.

घर मामंजींच्या नावावर आहे. ते दुकानात खुर्ची टाकून बसले होते. डावा कान तोफेने नेला, उजव्याने अर्धवट ऐकू येतं, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलणं हा प्रकारच नाही. मी इस्त्री उभी केली आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हटलं, “बाबांना सोहळ्याच्या दिवशी सकाळी घरी सोडणार आहेत. मागच्या खोलीत आणते त्यांना.”

“कुठल्या?”

“मागची खोली एकच आहे, मामंजी.”

“तिथे हँगर आहेत.”

“हँगर उचलता येतात.”

“तो नको,” ते म्हणाले.

“का नको?”

“घर माझं आहे. मी नको म्हणतोय. त्याला आणखी का कशाला हवं?”

“आणि दरवर्षी पुलावर गळ्यात पडता ते?”

“ते देशासाठी. घरात देश राहत नाही, मी राहतो.”

नवऱ्याला नेमकी त्याच वेळी बॉयलर बघायची आठवण झाली. माणूस वाईट नाही माझा नवरा, पण घरात आवाज चढला की त्याला हटकून बाहेरचं काम सुचतं. मी म्हटलं, “सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मी काढलं. तुमचं पथ्यपाणी मी बघते. आजवर काही मागितलं का?”

“नाही मागितलंस, ते बरं केलंस. आताही मागू नकोस.”

माझ्या डोक्यात सणक गेली. समोर त्यांचाच कोट होता. दाबून इस्त्री फिरवली, पुठ्ठा न घालता. मग माझंच मन मला खायला लागलं आणि ओला हात फिरवून तो ठसा काढत बसले.

बाबांकडे गेले तर तिथे वेगळीच तऱ्हा. उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, नर्सला ट्रकच्या क्लीनरसारखं फर्मावत होते. मी खोलीचं नुसतं नाव काढलं तर म्हणाले, “त्या तोफेवाल्याच्या घरात? त्यापेक्षा जिन्याखाली पडून राहीन.”

“जिन्याखालीही उतरता येणार नाही तुम्हांला.”

“मग वसतिगृह आहेच. सरकारी जागा आहे, कुणाचे उपकार नाहीत.”

“बघितलंत का कधी ते?”

“काय बघायचंय? खाट असेल.”

असं म्हणाले खरे, पण पाणी पिताना अर्धा पेला छातीवर सांडला. मी पुसायला गेले तर फडकं हिसकावून घेतलं. तेवढ्यात सन्मान समितीचा चिटणीस आला, हातात पेढ्यांचा नाही तर कागदांचा पुडा. माणूस चोवीस तास हसतमुख. त्याने बाबांना सांगितलं, की मिठीच्या वेळी चाकांची खुर्ची दिसणार नाही असा फोटो काढू. मग माझ्याकडे वळला. “ताई, यंदा तुम्ही दोघांच्या मध्ये उभं राहायचं. दोन देशांना जोडणारा धागा.”

“धागा आहे तर शिवणकामाच्या डब्यात ठेवा,” मी म्हटलं. “फोटोला मी येईनच असं समजू नका.”

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

घरी येताना वाटेतच मी ठरवलं, आता सरळ बोलून उपयोग नाही. संध्याकाळी दुकान बंद केलं, मामंजींसमोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, “खोली देणार नसाल तर मी पुलावर येणार नाही. आणि त्या मंत्र्यांना सांगेन, की ही दोस्तीबिस्ती सगळी थाप आहे. हे दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. बसवा मग तुमची पाटी.”

मला वाटलं ते घाबरतील. ते चिडलेही नाहीत. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“सांग,” ते म्हणाले. “सांगणारच असशील तर सगळं सांग. तुझ्या बापाने काय आणलं होतं तेही सांग.”

“गोळे आणले होते. माऱ्यातून.”

“माऱ्यातून आणले, हे खरं. मागचा अर्धा ट्रक जळत होता तरी थांबला नाही, हेही खरं. आम्ही टोप्या उडवल्या. पेट्या फोडल्या. आत तुमच्या देशाच्या तोफांचे गोळे. आमच्या नळीत बसेनात.”

“पेट्यांवर खूण नव्हती?” मी विचारलं.

“आधी तुमच्या पेट्या हिरव्या असायच्या, आमच्या करड्या,” मामंजी सांगायला लागले आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, बाहेर रस्त्यावर जात असेल. “मग दोन्हीकडच्या साहेबांच्या डोक्यात आलं, आता आपण एक झालो, तर पेट्याही एकाच रंगाच्या. सगळ्यांवर पिवळा रंग फिरवला. खुणासुद्धा झाकून टाकल्या. फोटो काढले त्याचे. तुझ्या बापाने घाईत समोरचा ढीग भरला आणि आला जीव मुठीत धरून. आम्ही तोफेजवळ बसलो होतो हात चोळत. समोरचे चालत आले, पळत नाही, चालत. त्यांनाही कळलं होतं आमच्याकडे काही नाही म्हणून. माझा धाकटा भाऊ तोफेवर माझ्या शेजारी होता. मी मागे आलो. तो नाही आला.”

मामंजींना भाऊ होता हे मला माहीत होतं. लढाईत गेला, एवढंच माहीत होतं. घरात त्याचं नाव निघायचं नाही आणि मी कधी खोदून विचारलं नाही.

“मग पदक कसं दिलं बाबांना?”

“गोळे पोचवले म्हणून दिलं. पोचवले तर होतेच. चुकीचे पोचले असं लिहिलं असतं तर दोस्ती कुठे गेली असती? मला सही करायला लावली साक्षीदार म्हणून. केली मी. लढाई संपल्यावर तुझा बाप आमच्या दारात आला. माझ्या आईच्या पायांशी बसला. म्हणाला, तुमचा मुलगा परत आणता येत नाही मला. माझ्याकडे एक मुलगी आहे, ती घ्या. तू तेव्हा सात-आठ वर्षांची असशील. तुला बाहेर ट्रकमध्ये बसवून ठेवलं होतं.”

तो ट्रक मला आठवत होता. मला वाटलं होतं फिरायला आणलंय.

“मी नको म्हणालो,” मामंजी म्हणाले. “भावाच्या जागी पोरगी घेऊन काय करू? आई हो म्हणाली. आईपुढे कोणाचं चाललंय? तू आलीस, राहिलीस, तुझ्याशी माझं काही भांडण नाही. पण तो माणूस या घरात झोपणार नाही. माझा भाऊ कुठे झोपलाय ते मला आजतागायत माहीत नाही.”

मी उठले आणि मागच्या खोलीत जाऊन हँगरच्या ढिगावर बसले. राग कोणावर काढायचा तेच कळेना. इतकी वर्षं मी समजत होते की दोन मित्रांनी हौसेने सोयरीक जुळवली. कंटाळा यायचा त्या गोष्टीचा, पण गोष्ट गोड होती. मला बाबांसारखा ट्रक चालवायचा होता, चांगली शिकले होते, तर बाबा म्हणाले तुझ्या सासरी चालणार नाही. सासर ठरलेलं होतं ना. मला चुकीच्या गोळ्यांच्या बदल्यात मोजून दिलं होतं आणि वर बँड लावला होता. मी खूप रडले, आणि रडताना मला नवऱ्याचाही राग आला, कारण तो दाराबाहेर उभा राहून हळूच विचारत होता की चहा टाकू का.

सोहळ्याच्या सकाळी बाबांना आणायला गेले. नर्सने त्यांना कोट घालून खुर्चीत बसवलं होतं. मी दार लोटून घेतलं.

“तुम्ही मला भावाच्या बदल्यात दिलंत?”

त्यांनी कोणी सांगितलं असं विचारलं नाही. “हो,” म्हणाले.

“आणि मला मैत्रीची गोष्ट सांगत राहिलात.”

“काय सांगणार होतो? रंग एकच होता पोरी. सगळ्या पेट्या पिवळ्या. मी उघडून बघायला हवं होतं, वेळ नव्हता. माझ्याकडे घर नव्हतं, जमीन नव्हती. तू होतीस.”

“म्हणून मी.”

“दुसरं काय होतं माझ्याकडे?” ते म्हणाले, आणि वर चिडले, जणू मीच त्यांना अडचणीत आणलं होतं. “दरवर्षी माफी मागतो मी त्याची. मिठी मारताना, कानात.”

“कुठल्या कानात?”

त्यांनी कोटावरचं पदक सरळ केलं.

“डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, बाबा. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“मलाही माहीत आहे,” बाबा म्हणाले.

मी त्यांचे बूट बांधले, जरा आवळूनच. खुर्ची ढकलत पुलावर आणली. दोन्हीकडून माणसं जमली होती, शाळेची पोरं झेंडे हलवत होती, चिटणीस इकडून तिकडे पळत होता. मधोमध दगडी पाटी, तिच्यावर कापड. शेजारच्या खुर्चीत करडा कोट घालून मामंजी, ताठ. मी बाबांची खुर्ची त्यांच्यासमोर नेऊन ब्रेक लावला. भाषणं झाली. एका मंत्र्याने सांगितलं की अशी दोस्ती रक्ताने लिहिली जाते, दुसऱ्याने सांगितलं की शाईने लिहिलेले करार पुसले जातात पण अशी नाती पुसत नाहीत. टाळ्या पडल्या. कापड निघालं. चिटणीसाने मला खूण केली, मध्ये उभं राहायची.

मी मध्ये उभी राहिले. फोटोवाला बाबांची खुर्ची दिसणार नाही अशा बेताने कॅमेरा रोखून तयार. मामंजी मिठीसाठी उठायला लागले, तशी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना परत खाली बसवलं. उजव्या कानाशी वाकले.

“मामंजी, मला तुमच्या भावाच्या जागी आणलं ना?”

“काय?”

हळू बोलून भागत नव्हतं. मी आवाज चढवला. “मला तुमच्या भावाच्या जागी आणलं की नाही?”

पहिल्या रांगेतली माणसं बघायला लागली. बँडवाल्याने तोंडाला लावलेली पिपाणी खाली घेतली.

“आईने आणलं,” मामंजी म्हणाले, आणि त्यांचाही आवाज पुलाच्या दोन्ही टोकांना जाईल असा.

“मग मी तुमचा धाकटा भाऊ. तुमच्या वडिलांचं घर आहे ते, एकट्या तुमचं नाही. तुमचा भाऊ जगला असता तर अर्धं त्याचं. तो नाही, त्याच्या जागी मी आहे, तर अर्धं माझं. वरच्या खोल्या तुम्ही ठेवा. मागची खोली माझ्या वाट्याची. तिच्यात मला ज्याला ठेवायचंय त्याला ठेवीन.”

“भाऊ असं बोलायचा नाही माझ्याशी.”

“तो तुमच्यावर जीव टाकत असेल. मला तुमचा राग आलाय. दोघांचाही.”

चिटणीस हसत हसत पुढे आला, बहुतेक आवरायला, पण मामंजींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाटीमागे जाऊन उभा राहिला. मग पहिल्यांदाच मामंजींनी बाबांकडे नीट बघितलं. पदकाकडे नाही, चेहऱ्याकडे. बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं आता नाही म्हणतील, चारचौघांत नाही म्हणतील, आणि मला बापाला त्या खाटांच्या रांगेत नेऊन सोडावं लागेल.

“त्या खोलीत ओल आहे,” मामंजी म्हणाले. “नदीकडच्या भिंतीला. खाट भिंतीपासून लांब टाक.”

फोटोवाल्याने विचारलं, मिठी कधी? कोणी त्याला उत्तर दिलं नाही. मी बाबांच्या खुर्चीमागे गेले आणि ब्रेक काढला.

“थांब,” बाबा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली. “मी नाही येणार तिथे. त्याच्यासमोर रोज? मला नाही जमायचं. मला वसतिगृहात पाठव. माझं काही ऐकशील की नाही? मला विचारलंस तरी का?”

मी पुढे आले आणि त्यांची बोटं चाकांवरून एकेक करून सोडवली.

“मला देऊन टाकताना तुम्ही मला विचारलं नव्हतं, बाबा. मी तुम्हांला ठेवून घेतेय. आता मी विचारत नाही.”

त्यांनी हात मांडीवर घेतले. मी खुर्ची आमच्या काठाकडे वळवली आणि ढकलायला लागले. माणसं बाजूला होत गेली. पूल संपेपर्यंत आम्हां दोघांपैकी कोणीतरी रडत होतं, पण ते मी नव्हते.